काटा, बीजाणू आणि हुमणी

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला, की शिरूर तालुक्यातल्या केंदूरसारख्या गावाच्या शिवारात दिवेलागणीला एक वेगळीच लगबग सुरू होते. जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि बांधावरचा कडुनिंब, बाभूळ नाहीतर बोर गाठतात. रात्री पाला खायचा, जोडी जमवायची आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. फांदी जोरात हलवली की ते टपटप खाली पडतात. जाणते शेतकरी तेव्हाच ते गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात, कारण एक मादी जमिनीत ५० ते ६० अंडी घालते आणि त्यांतून निघते ती हुमणी.

हुमणी म्हणजे पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी. ती मुळे खाते. दोनदा कात टाकून ती तिसऱ्या अवस्थेत आली, की ऑगस्टपासून पुढे तिच्या भुकेला सुमार राहत नाही. उसाचे बेट पिवळे पडते, वाळते आणि ओढले तर अलगद हातात येते. वेळ नदीकाठचे केंदूर हे पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या पट्ट्यातले गाव. तिथून पूर्वेला उतरत गेले की घोड आणि भीमेच्या पाण्यावरचा ऊस लागतो. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा हे कारखाने त्याच उसाच्या आधारावर उभे राहिले. हुमणीला बागायत आणि जिरायत यांतला भेद कळत नाही. भुईमूग, बाजरी, ऊस, सगळेच तिला चालते.

या हुमणीवर आता शेणखतात मिसळून एक हिरवट पूड टाकली जाते. पुडीवर नाव असते ‘मेटारायझियम’. हेक्टरी २० किलो, ओल असताना, मुळांजवळ. दुकानात ती कीटकनाशकांच्याच फळीवर मांडलेली असते, त्यामुळे घेणाराही तिच्याकडून विषाचीच अपेक्षा धरतो: आज टाकले, परवा मेले पाहिजे. खरे तर त्या पुडीत जिवंत बुरशीचे बीजाणू असतात आणि मातीत गेल्यावर त्यांना एका तयारीच्या शत्रूशी झुंजायचे असते. या झुंजीचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

१८३५ साली, म्हणजे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघून तीन वर्षे झाली तेव्हा, उत्तर इटलीतल्या लोदी गावच्या आगोस्तिनो बास्सी यांनी रेशमाच्या किड्यांच्या रोगावरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. या रोगात किडा मरून ताठ होई आणि त्याच्या अंगावर चुन्याची भुकटी टाकल्यासारखा पांढरा थर चढे. रेशीम उत्पादक हवामानाला दोष देत, खाद्याला दोष देत. बास्सींनी जवळजवळ २५ वर्षे या एकाच प्रश्नावर घालवली आणि दाखवून दिले, की ही पांढरी भुकटी जिवंत आहे, ती बुरशी आहे आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जाते. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा हा पहिला स्पष्ट पुरावा. लुई पाश्चर यांचे काम त्यानंतरचे. त्या बुरशीला पुढे बास्सींचेच नाव मिळाले. शेतकरी आज जिला ‘बिव्हेरिया’ म्हणतो, तीच ही बिव्हेरिया बॅसियाना.

बास्सींना किडा वाचवायचा होता. बुरशीकडून किडा मारून घ्यावा, ही कल्पना नेटाने पुढे नेली ती इल्या मेचनिकॉफ यांनी, १८७९ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी केंदूरच्याच परिसरातल्या धामारीवर पहिला छापा घातला होता. त्यामागे १८७६-७७ च्या दुष्काळाने पोळलेला प्रदेश होता. तिकडे काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा भागात गव्हावर ॲनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्याची धाड पडली होती. त्याच्याही अळ्या मातीतच वाढणाऱ्या, हुमणीच्याच कुळातल्या. मेचनिकॉफना काही अळ्या हिरव्या बुरशीने मढलेल्या दिसल्या. ही बुरशी बिअरच्या आंबवणातल्या चोथ्यावर वाढते, हे त्यांनी करून पाहिले आणि ती मोठ्या प्रमाणावर वाढवून शेतात सोडावी असे सुचवले. भुंगेऱ्याच्या नावावरून बुरशीला ‘ॲनिसोप्ली’ हे नाव पडले. शिरूरच्या दुकानातल्या पुडीवर छापलेले मेटारायझियम ॲनिसोप्ली ते हेच.

पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, क्रासिल्श्चिक यांनी युक्रेनमधल्या स्मेला गावी या बुरशीचे बीजाणू तयार करणारा कारखानाच घातला. तो होता साखरेच्या बीटवरील सोंडकिडा मारण्यासाठी. म्हणजे जगातली पहिली जैविक कीडनाशकाची भट्टी पेटली तीही साखरेपायीच. शेतातल्या चाचण्यांत दहा-पंधरा दिवसांत निम्म्याहून अधिक किडे मेले, असे निष्कर्ष निघाले. आजच्या हिशेबानेही ते वाईट नाहीत.

या कथेतला खरा योगायोग मात्र मधल्या वर्षांत घडला. ओडेसाच्या विद्यापीठाचा राजीनामा देऊन मेचनिकॉफ १८८२ मध्ये सिसिली बेटावरच्या मेसिना इथे राहायला गेले. घरची मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली होती आणि हे एकटे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या पारदर्शक पिलांतल्या फिरत्या पेशी पाहत होते. त्यांच्या मनात आले, की या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील? अंगणातल्या झाडाचा काटा तोडून त्यांनी पिलाच्या अंगात खुपसला. दुसऱ्या दिवशी पहाटे काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

तारामासा झाला, काटा झाला. पण काटा काही रोग नव्हे. खऱ्या रोगाचा पुरावा त्यांना १८८४ मध्ये डॅफ्निया या पाण्यातल्या चिमुकल्या पिसवेत मिळाला, आणि तो रोग होता यीस्टसारख्या एका बुरशीचा. तिचे सुईसारखे बीजाणू डॅफ्नियाच्या आतड्याची भिंत भोसकून आत घुसत. रक्तातल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडत, त्यांना गिळत. पेशी जिंकल्या तर डॅफ्निया वाचे. एखादा बीजाणू निसटून रुजला, की त्याची पिलावळ अंगभर पसरून ती मरे. रोगप्रतिकार म्हणजे चालू लढाई आहे आणि तिचा निकाल आधी ठरलेला नसतो, हे विज्ञानाला इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. याच कामासाठी १९०८ चे नोबेल त्यांना पाऊल एर्लिश यांच्याबरोबर विभागून मिळाले. किडे मारायला बुरशी सोडा असे सांगणारा आणि बुरशीशी लढणारी किडा-मुंगीची पेशी दाखवणारा माणूस एकच होता. गंमत अशी, की पुढची ८०-९० वर्षे त्याच्या या दोन कामांची एकमेकांशी फारशी गाठच पडली नाही. एक काम वैद्यकाकडे गेले, दुसरे शेतीखात्याकडे.

शेतीखात्याकडे गेलेल्या कामाचे हाल झाले. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये फ्रान्सिस स्नो या प्राध्यापकांनी १८९० च्या सुमारास गव्हा-मक्यावरच्या चिंच बग या ढेकणावर उपाय म्हणून बुरशीलागण झालेले किडे पुड्यांत भरून हजारो शेतकऱ्यांना पाठवले. काही ठिकाणी यश आले, काही ठिकाणी काहीच घडले नाही. शेवटी १९११ च्या सरकारी अहवालात निष्कर्ष आला, की ही बुरशी शेतांत आधीपासूनच होती. हवामान दमट झाले की ती आपोआप पसरते, नाहीतर बाहेरून आणून टाकली तरी बसून राहते. लोकांचा विश्वास उडाला. त्यात पुढे डीडीटी आणि बीएचसी आले, आणि कशाला कोण बुरशीची मनधरणी करतो?

महाराष्ट्रातही बीएचसीची पांढरी पावडर हुमणीवर वर्षानुवर्षे मातीत मिसळली गेली. भारतात तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. मग फोरेटचे दाणे आले, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘थिमेट’. त्याचा उग्र वास उसाच्या सरीत रेंगाळत राही आणि माणसाच्या जिवालाही त्याचा धोका होता. २०१८ च्या आदेशाने डिसेंबर २०२० अखेर त्याचा वापर थांबवायचे ठरले. हुमणीवरचे हुकमी वाटणारे एकेक हत्यार असे हातातून गेले.

मध्यंतरी वैद्यकाकडे गेलेले काम मात्र पुन्हा किड्यांकडे वळले होते. स्टॉकहोममध्ये हान्स बोमान यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोषात जिवाणू टोचले, तेव्हा कोषाने जिवाणू मारणारी छोटी प्रथिने तयार केली. १९८१ मध्ये ती जगापुढे आली. आपल्यासारखी प्रतिपिंडे नसलेला किडा स्वतःची औषधे स्वतःच घडवतो, हे त्यातून कळले. मग फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी फळमाशीतल्या ‘टोल’ या जनुकाकडे लक्ष दिले. तोवर ते जनुक भ्रूणाची पाठ कुठे आणि पोट कुठे हे ठरवण्यासाठी ओळखले जाई. टोल निकामी असलेल्या माश्यांना बुरशीची लागण केली, तर त्या दोन-तीन दिवसांत मेल्या. १९९६ च्या त्या शोधनिबंधातले छायाचित्र पाहणाऱ्याच्या लक्षात राहते: मेलेल्या माशीच्या अंगातून सगळीकडे बुरशीचे तंतू फुटलेले. पुढच्याच वर्षी याच गटाने माश्यांच्या अंगावर बास्सींच्या बिव्हेरियाचे बीजाणू टाकून दाखवले, की माशी बुरशीला बुरशी म्हणून ओळखते आणि त्यासाठीचे वेगळे प्रथिन बनवते, जिवाणूंसाठीचे नाही. टोलशी साम्य असलेली जनुके माणसातही निघाली. हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

माशीचे काम पुष्कळ झाले. हुमणीचे काय? तिच्या एका जवळच्या नातलगावर कोरियात मन लावून काम झाले आहे. महाराष्ट्रात माळरानावर आढळणारी हुमणी होलोट्रॅकिया सेराटा या जातीची. कोरियातली त्याच प्रजातीतली दुसरी. १९९० च्या दशकात तिच्या रक्तातून ‘होलोट्रिसिन’ नावाची प्रथिने वेगळी केली गेली आणि त्यांतले तिसरे बुरशीची वाढ रोखते असे आढळले. जखमेच्या जागी काळा डाग कसा तयार होतो, त्यामागची विकरांची साखळीही याच अळ्यांच्या रक्तात कडी-कडीने उलगडली गेली. शेणखताच्या ढिगात, कुजक्या मुळांत, कोट्यवधी सूक्ष्मजीवांच्या गराड्यात जिचा जन्म जातो, तिची अशी तयारी नसती तरच नवल.

आता शेतातल्या सरीत परत येऊ. मेटारायझियमचा बीजाणू हुमणीच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि त्याला एक कोंब फुटतो. हुमणीची कातडी कायटिन आणि प्रथिनांची बनलेली असते. कोंब तिच्यावर दाब देतो आणि प्रथिने कापणारी विकरे सोडतो. इथे हुमणीचा पहिला डाव असतो तो कात टाकण्याचा. वेळ जुळली, तर कातीबरोबर रुजू लागलेले बीजाणूही टाकले जातात. नाही जुळली, तर बुरशी घुसते तिथे कातडी काळी पडते. त्या मेलॅनिनच्या गुठळीत घुसखोराला कोंडायचा तो प्रयत्न असतो. त्यातूनही जे तंतू रक्तात पोचतात, त्यांना रक्तपेशी गराडा घालतात, मेसिनातल्या काट्याला घातला होता तसाच.

बुरशीही कच्च्या गुरूची चेली नाही. मेरीलँड विद्यापीठातल्या चंगशू वांग आणि रेमंड सेंट लेजर यांनी २००६ मध्ये दाखवले, की अळीच्या रक्ताचा स्पर्श होताच २० मिनिटांच्या आत मेटारायझियम एका प्रथिनाचे आवरण बनवू लागते. रक्तपेशी ज्या खुणेवरून बुरशी ओळखतात, ती खूण त्या आवरणाखाली झाकली जाते. हे आवरण काढून टाकलेल्या बुरशीला अळीच्या पेशी लगेच घेरतात. शिवाय ‘डेस्ट्रक्सिन’ नावाची विषे सोडून बुरशी पेशींना लुळे पाडते. त्याच वर्षी स्ट्रासबुर्गहून उलट बाजूची बातमी आली. माशी बुरशीच्या भिंतीवरून तिला ओळखतेच, पण कातडी कापणाऱ्या विकराचीही तिला चाहूल लागते. चोराने तोंड झाकले, तरी कुलूप तोडल्याचा आवाज व्हायचाच.

टोळांचा डाव आणखी निराळा. पश्चिम आफ्रिकेत १९८९ पासून टोळांवर मेटारायझियमची फवारणी विकसित करण्याचे मोठे काम झाले. तेव्हा लक्षात आले, की लागण झालेले टोळ उन्हात जाऊन बसतात, अंग तापवतात आणि बुरशीची वाढ रोखतात. एक प्रकारे ताप आणून घेतात. जमिनीखालच्या अळीला ही सोय नाही. तिच्याकडे दुसरी आहे: जपानी भुंगेऱ्याच्या अळ्या मातीतल्या मेटारायझियमच्या जाळ्याची जागा टाळतात, असे १९९४ मध्ये नोंदवले गेले.

पुण्यात या सगळ्याचा धागा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, जोडला गेला. तिथे डॉ. मुकुंद देशपांडे कायटिनवर काम करीत होते. कायटिन किड्याच्या कातडीत असते आणि बुरशीच्या भिंतीतही. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच धातूची. शेतकऱ्यांच्या मातीतून आणि किड्यांतून मेटारायझियमचे वाण गोळा करून तूर-हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर ते पारखण्याचे काम भारत-स्वित्झर्लंड जैवतंत्रज्ञान सहकार्यातून झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञही त्यात होते. कायटिनचे रूप बदलणारे एक विकर ही बुरशी सतत बाहेर सोडते आणि कातडीशी झगडताना त्याचा तिला फायदा होत असावा, असे या गटाने २००४ मध्ये मांडले.

२००८ चा त्यांचा निष्कर्ष जैविक औषधे बनवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावा असा आहे. प्रयोगशाळेतल्या आयत्या खाद्यावर बुरशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवत राहिले, की तिची मारकशक्ती उतरत जाते. कातडी कापायची नाही, रक्तपेशींना चुकवायचे नाही, तर ती हत्यारे बाळगायची कशाला? धार परत आणायची तर बुरशीला पुन्हा जिवंत अळीतून न्यावे लागते. शिरूरच्या पुडीतली बुरशी शेवटची कधी एखाद्या अळीला भिडली होती, हे पुडीवर छापलेले नसते. ‘पुडी चालत नाही’ या शेतकऱ्याच्या तक्रारीचे अर्धे उत्तर बहुधा त्या न छापलेल्या ओळीत असते.

ऊस पट्ट्याला जैविक उपायांवर विश्वास ठेवायला शिकवले ते खरे म्हणजे दुसऱ्याच किडीने. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी मावा उतरला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. तिथे बुरशी कामी आली नाही. डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी मावा फस्त केला आणि शेतकरी त्यांच्या अळ्या असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडू लागले.

हुमणीबाबतची खरी परीक्षा २०१८ ला आली. पावसाने ओढ दिली आणि पुणे, नगर, सोलापूर जिल्ह्यांत हुमणीने ऊस पोखरला. साखर कारखान्यांच्या देशपातळीवरील संघटनेने २०१८-१९ च्या उत्पादनाचा अंदाज सुमारे ३५० लाख टनांवरून ३१५ लाख टनांवर आणला; दिलेल्या कारणांत महाराष्ट्रातली हुमणी होती. त्यानंतर भुंगेरे गोळा करणे, प्रकाश सापळे लावणे यांच्या जोडीला बुरशीचे नाव गावोगावी पोचले. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम आणि मेटारायझियम एकत्र असलेले ‘बीव्हीएम’ अनेकांच्या ओळखीचे झाले.

यश कुठे मिळते आणि कुठे नाही, हे आता बरेच कळले आहे. ब्राझीलमध्ये उसावरच्या एका रसशोषक किडीविरुद्ध मेटारायझियम तांदळावर वाढवून सुमारे २० लाख हेक्टरांवर वापरली जाते. मात्र तिथली कीड उसाच्या बुडाशी, ओलाव्यात आणि पाचटाच्या सावलीत असते. आपल्याकडे हीच पुडी एप्रिलच्या उन्हात कोरड्या सरीत टाकली, तर बीजाणू उन्हानेच मरतात. ती बुरशीनाशकाबरोबर एकाच बादलीत कालवली, तर काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि ऊस पिवळा पडल्यावर, सप्टेंबरात टाकली, तर समोर तिसऱ्या अवस्थेतली जाडजूड अळी असते. ती लागण झाल्यावरही काही आठवडे मुळे खात राहू शकते. जून-जुलैत नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कोवळ्या अळीवर हाच बीजाणू लवकर मात करतो.

म्हणून मेटारायझियमचा मुहूर्त उसावर नाही, कडुनिंबावर बघायचा असतो. भुंगेरे दिसल्यापासून दिवस मोजायचे, शेणखत ओले करून त्यात पूड मिसळायची, काही दिवस सावलीत झाकून ठेवायची आणि पाऊस धरून सरीत द्यायची. याचा हिशेब मांडायला बसले, तर एक अडचण राहतेच. फोरेटने मेलेली हुमणी शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिली होती. बुरशीने मेलेली मातीतच ताठ होते, आधी पांढरी, मग हिरवी, आणि ढेकळासारखी विरून जाते. नांगरामागून चालणाऱ्याला दिसतात त्या उरलेल्या, वळवळणाऱ्या. त्यातही कधी एखादी अंगावर काळे ठिपके असलेली निघते: बुरशी कातडीपर्यंत पोचलेली, आणि तिथेच अडवली गेलेली.